ऑपरेशन सक्सेसफुल, फाईल शून्य केबी

ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड झालं की माणूस आधी वॉलपेपर बघतो. मग स्टार्टचं बटण डावीकडून मधे का गेलं याचा शोध घेतो, प्रिंटर चालतोय का ते तपासतो, तो चालत नाही म्हणून घरातल्यांवर खेकसतो, आणि या गडबडीत आठवडा निघून जातो. बॅकअप चालू आहे का, हे कोणी बघत नाही. बघणार तरी कसं? चालू असलेला बॅकअप आणि बंद पडलेला बॅकअप बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. प्रिंटर बंद पडला तर निदान मुलाचं हॉल तिकीट अडतं आणि घरात बोंब होते. बॅकअप बंद पडल्याची बातमी डिस्क गेल्यावर मिळते, म्हणजे त्या बातमीचा उपयोग संपल्यावर.

गंमत अशी की अपग्रेडनंतर बिघडलेल्या बॅकअपमध्ये बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं. फाईल इकडून उचलून तिकडे ठेवणं हे काम संगणकाला पहिल्या दिवसापासून येतं. बदललेले असतात ते आजूबाजूचे नियम. कुठे जायची परवानगी आहे, पलीकडच्या डिस्कशी कुठल्या भाषेत बोलायचं, कोपऱ्यात किती जागा मोकळी हवी, हे सगळं अपग्रेड एका रात्रीत बदलतं आणि बॅकअपच्या प्रोग्रॅमला कोणी कळवत नाही. तो बिचारा जुन्या हिशेबाने कामाला निघतो, कुठेतरी अडतो, आणि पडद्यावर असा काही संदेश टाकतो की वाचणाऱ्याने भलतीकडेच धावावं.

जागेचा प्रकार बघा. प्रत्येक खानदानात एक मामा असतो. बँकेतून निवृत्त, पेन्शनच्या कागदांपासून भाच्यांच्या मुंजीच्या फोटोंपर्यंत सगळं स्कॅन करून तारीखवार लावून ठेवणारा. संगणकावर विंडोज ७ होतं तोवर हा मामा दर रविवारी बाहेरची डिस्क जोडून संपूर्ण सिस्टिमची इमेज घ्यायचा. मग विंडोज १० आलं. पुढच्या रविवारी पडद्यावर लाल फुली: शॅडो कॉपी तयार करायला पुरेशी जागा नाही, एरर ०एक्स८०७८०११९. मामाची डिस्क दोन टीबीची आणि त्यातला दीड टीबी कोरा. भाच्याला फोन जातो.

“अरे, हा म्हणतो जागा नाही.”

“मग नसेल, मामा.”

“दीड टीबी आहे! मी स्वतः बघितलंय.”

“रिस्टार्ट मारलास का?”

“दोनदा.”

“मग डिस्क फॉरमॅट मारून बघ.”

“आणि त्यातला जुना बॅकअप?”

पलीकडे शांतता. भाचा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो. मग मामा लॅमिंग्टन रोडला जातो, घासाघीस करून चार टीबीची डिस्क आणतो, जोडतो, आणि तीच लाल फुली तितक्याच निर्विकारपणे पुन्हा उगवते.

कारण तो संदेश मामाच्या डिस्कबद्दल नसतोच. सिस्टिम इमेज घेताना विंडोज सी ड्राइव्हबरोबर एका लपवलेल्या पार्टिशनचीही प्रत घेतं. हे पार्टिशन बहुधा साडेचारशे-पाचशे एमबीचं. संकटकाळात संगणक दुरुस्त करायची हत्यारं त्यात असतात. अपग्रेड आलं की आपली नवी हत्यारं तिथेच कोंबतं. आता नियम असा आहे की पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यात किमान ५० एमबी मोकळे हवेत आणि त्याहून मोठं असेल तर ३२० एमबी. तेवढी जागा नसली की पुढचं सगळं ठप्प. चार टीबीचा हत्ती गेला आणि पन्नास एमबीचं शेपूट अडकलं. उपाय म्हणजे त्या कोपऱ्यातल्या पार्टिशनला सी ड्राइव्हमधून थोडी जागा काढून देणं. तो कसा करायचा हे समजावणाऱ्या प्रत्येक सूचनापत्राची पहिली ओळ असते: पार्टिशनला हात लावण्यापूर्वी संपूर्ण बॅकअप घ्या.

मामा जे साधन वापरतो त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनलमध्येसुद्धा त्याचं नाव ‘बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७’ असंच आहे. त्यातली सिस्टिम इमेजची सोय आम्ही आता पुढे विकसित करणार नाही, लोकांनी दुसऱ्या कंपन्यांची साधनं वापरावीत, असं मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये जाहीर केलं. तरी ते काढलं नाही. निवृत्तीनंतरही रोज ऑफिसात येऊन बसणारे साहेब जिथे जिथे आहेत, तिथल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

ॲपलवाल्यांना वाटतं की हे सगळं विंडोजवाल्यांचं नशीब. त्यांच्याकडे २०१८ साली मोहावी नावाची मॅकओएस आली आणि तिने खासगीपणाचा बंदोबस्त कडक केला. सोसायटीत नवी सिक्युरिटी एजन्सी आली की जे होतं तेच झालं. वीस वर्षं सगळ्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या मावशींना गेटवरचा नवा पोऱ्या विचारतो, “ॲपमध्ये एंट्री आहे का?” मावशी परत जात नाहीत, भांडतही नाहीत. लॉबी झाडतात, पार्किंग झाडतात आणि काम झालं म्हणून सांगून निघून जातात. बाहेरच्या कंपन्यांच्या बॅकअप प्रोग्रॅमने नेमकं हेच केलं. डॉक्युमेंट्सची नक्कल घेतली. मेल, मेसेज, सफारीचा डेटा अशा बंद दारांपाशी ‘परवानगी नाही’ अशी नोंद कुठल्याशा लॉगमध्ये केली आणि पुढे गेला. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर फुल डिस्क ॲक्सेस नावाची यादी असते. तिथे त्या प्रोग्रॅमच्या नावापुढचं बटण चालू केलं की प्रश्न मिटतो. कधी कधी बटण चालू दिसतं आणि तरी काम होत नाही. अशा वेळी नाव यादीतून काढून पुन्हा घालावं लागतं.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, कॅटलिना आली. तिने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि मुख्य डिस्कचे दोन भाग केले: एक सिस्टिमचा, ज्यावर कोणालाच लिहिता येत नाही, आणि दुसरा मालकाच्या डेटाचा. २०२० च्या बिग सरने सिस्टिमच्या भागावर डिजिटल मोहोर लावली. पूर्ण डिस्कची चालती प्रत करून देणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्या दोन वर्षांत काय शिव्या दिल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

खुद्द ॲपलचं बॅकअपचं साधन, टाइम मशीन, ऑक्टोबर २००७ मध्ये लेपर्ड नावाच्या आवृत्तीबरोबर आलं तेव्हा त्याच्या पडद्यावर चक्क अवकाश होतं, तारे होते आणि काळाच्या पोटात मागे मागे जाणाऱ्या खिडक्या होत्या. हिशेब साधा आहे: शेवटच्या २४ तासांसाठी दर तासाची प्रत, महिन्यासाठी रोजची, त्याआधीसाठी आठवड्याची, आणि डिस्क भरली की सर्वांत जुनी बाद. अपग्रेडनंतर मात्र हेच यंत्र ‘बॅकअपची तयारी करत आहे’ असं म्हणतं आणि तासन्‌तास तयारीच करत राहतं. लग्नघरातल्या मंडळींनाही लाज वाटेल इतकी तयारी. इथे बिघाड नसतो. रातोरात हजारो फाईली बदललेल्या असल्यामुळे त्याला सगळी डिस्क नव्याने चाळावी लागते. संगणक चार्जरला लावून, झोपू न देता, रात्रभर तसाच सोडणं एवढाच उपाय. पण काहीही न करणं हा उपाय आपल्या माणसाला पटत नाही. तो दर अर्ध्या तासाने थांबवतो आणि पुन्हा सुरू करतो, आणि टाइम मशीन दर अर्ध्या तासाने पुन्हा तयारीला लागतं.

नेटवर्कवरच्या डिस्कवर बॅकअप घेणाऱ्यांना कधीमधी आणखी एक निवेदन येतं. त्याचा आशय असा, की टाइम मशीनने आपल्या बॅकअपची पडताळणी पूर्ण केली असून विश्वासार्हता वाढवण्यासाठी आता नवा बॅकअप तयार करावा लागेल. म्हणजे तुमचा आधीचा सगळा बॅकअप गेला. विश्वासार्हता वाढवण्यासाठी! मंत्रालयात परिपत्रकं लिहिणाऱ्यांनी शिकवणी लावावी अशी ही भाषा आहे.

राऊटरशेजारी ठेवलेल्या त्या डिस्कच्या डब्याचं दुखणं विंडोजवाल्यांनाही आहे, आणि त्याच्या मुळाशी एक खरोखरचं संकट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. तो पसरला एसएमबी नावाच्या फाईल वाटपाच्या पद्धतीच्या पहिल्या, म्हाताऱ्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० ने ही आवृत्ती काढायला घेतली. होम आणि प्रो संगणकांवर नियम असा, की संगणक चालू असतानाचे एकूण १५ दिवस ती वापरली गेली नाही तर विंडोज ती आपणहून काढून टाकतं. आता रोज बॅकअप घेणाऱ्याला याचा त्रास नाही. पण महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी, जुन्या डब्यावर बॅकअप घेणारा सज्जन येतो तर नेटवर्कवर डबाच दिसत नाही. तो डब्याला दोष देतो, राऊटर बदलतो, केबलवाल्याला बोलावतो. २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने याच कथेचा दुसरा भाग काढला: प्रो संगणकांवर सहीशिवायचा व्यवहार बंद, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत येणंही बंद. ज्यांच्या डब्याला पासवर्डच नव्हता, त्यांचे बॅकअप बंद पडले. मायक्रोसॉफ्टचं यात काही चुकलं असं म्हणता येत नाही, आणि हीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे. इथे डब्यावर रीतसर युजर आणि पासवर्ड तयार करणं, डब्याचं सॉफ्टवेअर नवं करणं, आणि तेही जमत नसेल तर डबा भंगारात काढणं हेच बरोबर. जुनी एसएमबी परत चालू करण्याची युक्ती भाच्याला माहीत असते, आणि ती त्याला विचारू नये.

पण या सगळ्या प्रकरणांत निदान काहीतरी दिसतं. फुली, संदेश, गायब झालेला डबा. विंडोजच्या रजिस्ट्रीच्या बाबतीत झालं ते वेगळ्याच दर्जाचं आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचं दप्तर. त्याची प्रत रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप घेतली जायची. संगणक सुरूच होईना झाला की जाणकार मंडळी ती प्रत काढून मूळ जागी ठेवायची. विंडोज १० च्या २०१८ च्या वसंतातल्या १८०३ आवृत्तीपासून हे बंद झालं. पण बंद झालं हे त्या कामाला कोणी सांगितलं नाही. ठरलेल्या वेळी काम चालायचं आणि टास्क शेड्युलरमध्ये ‘ऑपरेशन यशस्वीरीत्या पूर्ण’ अशी नोंद पडायची. फोल्डर उघडलं तर फाईली जागच्या जागी: सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डीफॉल्ट. प्रत्येकीचा आकार शून्य केबी. लोकांनी हा बग म्हणून कळवला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की हा बग नाही, डिस्कवरची जागा वाचावी म्हणून मुद्दाम केलेली रचना आहे. रिकाम्या फाईलीने जागा वाचते, हे कोणालाही मान्य करावं लागेल. जुनी सोय परत हवी असेल तर एक कळ फिरवता येते, असंही त्यात सांगितलं होतं. ती कळ अर्थातच रजिस्ट्रीत आहे.

त्याच २०१८ च्या ऑक्टोबरात पुढची आवृत्ती, १८०९, आली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, फोटोंच्या फाईलीच अपग्रेडमध्ये पुसल्या गेल्या. ज्यांनी ही फोल्डरं मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, त्यांच्या जुन्या जागी राहिलेल्या फाईली सिस्टिमला अडगळ वाटल्या. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत वाटप थांबवलं आणि आवृत्ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणली. अशा तक्रारींचं प्रमाण दहा हजारांत एक होतं, असा खुलासाही झाला. त्या एकाला या आकडेवारीतून कितपत दिलासा मिळाला, याची नोंद नाही.

हे घरगुती लोकांचं झालं. ज्यांचं पोट संगणकावर आहे त्यांच्याकडे असं होत नसेल, असा एक गोड समज आहे. त्या समजासाठी गिटलॅबची कहाणी राखून ठेवलेली बरी. जगभरचे प्रोग्रॅमर ज्यांच्याकडे आपलं काम ठेवतात, अशा कंपन्यांपैकी ही एक. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक थकलेला इंजिनिअर बिघडलेल्या दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला बसला आणि त्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. एखाददुसऱ्या सेकंदात त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात आवरला. तोवर तीनेकशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

हरकत नाही, बॅकअप आहे. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर गेलेला होता. रोजची प्रत काढणारं साधन मात्र जिथून चालायचं तिथे ९.२ ची आवृत्ती उचलत होतं. आवृत्ती जुळत नाही म्हणून ते दररोज नकार देऊन स्वस्थ बसायचं. ॲमेझॉनवरची जी बादली प्रतींनी भरलेली असायला हवी होती, ती उघडली तर रिकामी. मग बिघाडाची सूचना कोणालाच कशी मिळाली नाही? सूचना ईमेलने जात होती. पण ईमेलवर जी सुरक्षेची सही लागते ती त्या पत्रांवर नव्हती, म्हणून पत्रपेटीनेच ती परत लावली. म्हणजे बॅकअप फसत होता, तो फसल्याचा निरोपही फसत होता, आणि सगळं सुरळीत चाललंय असं सगळ्यांना वाटत होतं. डिस्कच्या प्रती घ्यायची आणखी एक सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ती कोणी चालू केलेली नव्हती. पाच पद्धती होत्या आणि पाचांपैकी एकही धडपणे चालत नाही किंवा मुळात लावलेलीच नाही, असं कंपनीने स्वतःच लिहून टाकलं.

वाचवलं ते एका योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी, चाचणीच्या वेगळ्याच कामासाठी, हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती. ती संथ डिस्कवरून परत आणायला अठरा तास लागले आणि ते काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवलं. लोकांचा कोड सुरक्षित राहिला, पण मधल्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रोजेक्ट, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती गेली. एवढी नागडी कबुली देणारी कंपनी दुर्मिळ. बाकीच्यांकडे असं काही झालेलंच नाही, असं मानायला कोणाची हरकत नसावी.

आपल्याकडच्या छापखान्यांत आणि दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत या दुखण्याचा एक खास मराठी उपप्रकार आढळतो. इथे बॅकअप उत्तम असतो. पंधरा वर्षांचे अंक, पेजमेकरच्या फाईली, सगळं नव्या संगणकावर जसंच्या तसं परत येतं. फाईल उघडली की ‘संपादकीय’च्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची खूण यांची खिचडी. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरी आकार बसवायचे. फॉन्ट गेला की मागे घरं उरतात, माणसं नाहीत. आणि फॉन्ट हमखास जातो, कारण तो डॉक्युमेंट्समध्ये नसून विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो, जिकडे फाईल हिस्टरीसारखं बॅकअपचं साधन फिरकत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तो फॉन्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा डोंगल कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे हे विचारायला जावं, तर तो ऑपरेटर नोकरी सोडून गेलेला. अशा कचेरीने अपग्रेडआधी फॉन्टची फाईल, सॉफ्टवेअरची सीडी आणि प्रत्येक अंकाची पीडीएफ एवढं बाजूला काढून ठेवलं तरी पुरे.

आणि कचेरी असो वा घर, अपग्रेडनंतर नवा बॅकअप पूर्ण होऊन तपासला जाईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. “फॉरमॅट मारू का?” या प्रश्नाला उत्तर नाही म्हणूनच द्यावं, विचारणारा कितीही आत्मविश्वासाने विचारत असला तरी.

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून २०११ पासून पाळला जातो. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी शहाणं व्हावं, असा त्यामागचा विनोद. भारतात मात्र त्या दिवशी आर्थिक वर्ष संपतं, आणि ज्यांच्याकडे बॅकअप घेण्यासारखं काही आहे त्या प्रत्येक सीएला, हिशेबनिसाला आणि मामाला त्या रात्री जेवायलाही फुरसत नसते. तेव्हा आपल्यापुरता हा दिवस दसऱ्याला हलवावा, अशी नम्र सूचना. संगणकाला झेंडूचा हार आपण घालतोच, कुंकूही लावतो. ते झाल्यावर बॅकअपमधून एक जुनी फाईल, एकच, परत आणावी, उघडावी, आणि तिचा आकार शून्य केबी नाही ना, एवढं बघावं. कुंकू लावताना यूएसबीच्या भोकापासून जरा लांब लावावं.